🏍️ *पेट्रोल कॉक बदलताय? पैसे देण्याआधी फुंकून बघा*



आज पिकाचा नाही, गाडीचा सल्ला. आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे अजून जुनी कार्बोरेटरची गाडी आहे. कॉक गळायला लागला की आपण साबण लावून दिवस ढकलतो. पण कॉकच्या खालीच तापलेलं इंजिन असतं, आणि पेट्रोलला एक ठिणगी पुरते.

(एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या आहेत. त्यांना असा कॉक नसतो.)

*आधी गळती कुठे आहे ते बघा*
▪️ लिव्हरपाशी ओल: आतलं रबर गेलं. लिव्हर स्क्रूवर बसवलेला असेल तर नुसतं रबर बदलून भागतं. रिव्हेट असेल तर अख्खा कॉक बदला.
▪️ टाकीच्या सांध्यात ओल: तिथलं रबरी वॉशर बदला.
▪️ ऑफ करूनही नळीतून थेंब: कॉक आतून पास होतोय. कार्बोरेटरची फ्लोट पिनही झिजली असेल, तर उभ्या गाडीत पेट्रोल इंजिन ऑईलमध्ये उतरू शकतं. ऑईलला पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू करू नका. कॉक आणि पिन दुरुस्त करून आधी ऑईल बदला.

*दुकानात*
१) जुना कॉक सोबत न्या. मॉडेल आणि साल सांगा. बोल्टच्या भोकांमधलं अंतर, नळी बसते त्या तोंडाची जाडी आणि दिशा जुळलीच पाहिजे.
२) टाकीत जाणारी उभी नळी जुन्याइतकीच उंच हवी. आखूड असेल तर रिझर्व्हला पेट्रोल कमी उरतं.
३) "ई-२० ला चालणारं रबर आहे का?" असं विचारा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यात साधं रबर फुगतं, चिरतं.
४) कोऱ्या कॉकच्या तोंडाला स्वच्छ नळी लावून फुंका. *ऑफ*ला हवा अजिबात जाता कामा नये. मग *ऑन* करा, उंच नळीचं तोंड बोटाने बंद करून फुंका. तरी हवा गेली तर तो कॉक घेऊ नका. त्यात रिझर्व्हचं पेट्रोल नकळत संपेल आणि गाडी रस्त्यातच बंद पडेल.
⚠️ जुन्या कॉकवर हे करू नका, तोंडात पेट्रोल जाईल.

*बसवताना*
इंजिन थंड, जागा मोकळी. जवळ चूल, विडी नको. पेट्रोल झाकणाच्या कॅनमध्ये काढा, पाण्याच्या बाटलीत नाही. टाकीत गंज दिसला तर धुऊन घ्या, नाहीतर नवा कॉकही लवकर खराब होईल. बोल्ट बेताने आवळा, जास्त पिळलं की वॉशर दबून फाटतं. मग थोडं पेट्रोल टाका, कॉक ऑफ ठेवून खाली कोरा कागद टाका आणि अर्धा तास थांबा. कागद कोरा राहिला तरच गाडी बाहेर काढा.

फवारणी पंपाच्या पेट्रोल इंजिनलाही कॉक असतो. काम झालं की तोही बंद करा.

हा मेसेज गावातल्या गॅरेजवाल्यालाही पाठवा.

– कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🌾