अभ्यासिका आणि तालीम
(द्वितीय वर्ष, कला)

यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या आठ दिवस आधीची गोष्ट. भाकरीचा डबा घेऊन दादा गावाहून आला, तेव्हा अभ्यासिकेतली माझी खुर्ची रिकामी होती. टेबलावर राज्यघटनेचे पुस्तक उघडे होते आणि मी मात्र कॉलेजच्या सभागृहात खोट्या मिशा लावून एकांकिकेतल्या हवालदाराचे काम करीत होतो. शोधत शोधत दादा तिथे आला. रागावला नाही. "नाटकातला हवालदार झालास, खरा साहेब कधी होणार?" एवढेच म्हणाला आणि डबा ठेवून एस.टी. गाठायला निघून गेला. दहावीनंतर शाळा सोडून तो शेतात राबतो आहे. अभ्यासिकेचे महिन्याचे सातशे रुपये तोच भरतो. त्या रात्री भाकरी घशाखाली उतरली नाही.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्याने कॉलेजच्या कार्यक्रमांत भाग घ्यावा की नाही, हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांना पडतो. ज्यांच्या घरातून आजवर कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही त्यांना तर जास्तच, कारण विचारायचे कोणाला? पुढच्या रविवारी गावी गेल्यावर दादाला जे समजावून सांगितले, तेच येथे मांडतो.

राज्यसेवा परीक्षेसाठी वयाची १९ वर्षे पूर्ण लागतात. पदवीच्या शेवटच्या वर्षात असणाऱ्यालाही पूर्वपरीक्षेला बसता येते. म्हणजे माझी पहिली संधी पुढच्या वर्षी. पूर्वपरीक्षेत २०० गुणांचे दोन पेपर एकाच दिवशी असतात. पहिल्या पेपरात चार उत्तरे चुकली की एका बरोबर उत्तराचे गुण गेलेच म्हणून समजा. दुसऱ्यात ३३ टक्के मिळाले की पुरे. येथपर्यंत पाठांतर आणि सराव कामाला येतो. परंतु मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. (हा बदल खरे तर २०२३ पासूनच व्हायचा होता; उमेदवारांच्या आंदोलनानंतर तो पुढे गेला.) आता नऊ पेपर स्वतःच्या शब्दांत लिहायचे. त्यांतले मराठी व इंग्रजी हे भाषांचे पेपर केवळ पात्रतेपुरते. उरलेल्या सातांचे १७५० गुण आणि मुलाखतीचे २७५. मुलाखतीला पुस्तक घेऊन बसता येत नाही, तिथे आपण स्वतःच बसतो.

प्रथम वर्षाला मी सगळे सोडून पाहिले होते. ना भित्तिपत्रक, ना सहल, ना कोणाशी बोलणे. सकाळी सहा ते रात्री नऊ खुर्चीत. खरे सांगायचे तर त्यातले निम्मे तास एकच पान समोर असे. आणि झाले काय? शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत टळून गेली. सूचना फलकावर होती, वर्गातली सगळी मुले एकमेकांना सांगत होती, मलाच कोणी सांगितले नाही. कारण मी कोणाचाच नव्हतो. घरी वडीलधारे सांगणारे असते तर चालून गेले असते. आमच्यासारख्यांना मित्र हाच सूचना फलक.

यंदा मी राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातले. वर्षाला १२० तासांचे काम आणि सात दिवसांचे शिबिर. १२० तास ऐकून छाती दडपते, पण रोजचा हिशेब केला तर ती वीस मिनिटे होतात! २६ जानेवारीला शिबिराच्या गावात ग्रामसभा होती. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी कमी असेल ती संख्या हजर लागते, हे मी चार वेळा पाठ करून चार वेळा विसरलो होतो. त्या दिवशी पाराजवळ मोजून बावीस माणसे जमली आणि सभा तहकूब झाली. तहकूब सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही, हे एका म्हाताऱ्या बाबांनी मला तंबाखू मळता मळता समजावले. तो प्रश्न आता जन्मात चुकायचा नाही.

परंतु याचा अर्थ कॅन्टीनचा कट्टाही अभ्यासच, असा कोणी घेऊ नये. मी स्वतःला तसे बरेच दिवस फसवले आहे. तालीम चारला सुरू होते, साताला संपते आणि स्नेहसंमेलनाबरोबर कायमची संपते. कट्ट्याला शेवट नाही, मोबाईलवरच्या ग्रुपला तर मुळीच नाही. शिवाय पैशाचे बोलायला आपण लाजतो. वाढदिवसाची वर्गणी, पारंपरिक वेशभूषा दिनाला भाड्याचा फेटा, मग फोटोनंतर हॉटेल. एका आठवड्यात अभ्यासिकेचा निम्मा महिना जातो. फेट्याला मी नाही म्हणालो. वाईट वाटले, पण कोणी मैत्री तोडली नाही.

तेव्हा ज्या कामाला शेवटची तारीख आहे, ते एका वेळी एकच घ्यायचे. आणि पूर्वपरीक्षेच्या वर्षी तेही नाही. पुढच्या वर्षीच्या एकांकिकेसाठी मला धरू नका, असे नाट्यमंडळाला मी आताच कळवून टाकले आहे. सांगताना आवाज जरा कापला, ते असो.

दादाला हे सगळे पटले आहे असे नाही. "बावीस माणसं मोजायला सात दिवस?" असे तो म्हणालाच. तरी प्रयोगाला तो आला आणि शेवटच्या रांगेत उभा राहून त्याने पाहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे, सहाला अभ्यासिकेत बसलास का, हे विचारायला त्याचा फोन आला. बसलो होतो, फक्त सव्वासहा झाले होते.