कृषी पर्यटन केंद्राची आभासी सफर

राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यानंतर शेतावर पाहुण्यांसाठी दोन-चार खोल्या बांधलेल्या शेतकऱ्यांपुढे आज एक नवा प्रश्न उभा असतो. पाहुणा मुंबई-पुण्यास बसलेला, शेत दूर आडवाटेला. न पाहिलेल्या जागेसाठी त्याने आगाऊ रक्कम भरावी ती कशाच्या भरवशावर? ह्या कामी आभासी सफर, म्हणजे ज्यास सामान्यतः व्हर्च्युअल टूर म्हणतात ती, उपयोगी पडते. मोठी हॉटेले आणि घरे विकणारे व्यावसायिक तिचा वापर करीत आले आहेत; तथापि चार खोल्यांच्या केंद्रासही ती आवाक्याबाहेरची नाही.

साध्या छायाचित्रात छायाचित्रकार दाखवील तेवढेच दिसते. आभासी सफरीसाठी वापरावयाच्या कॅमेऱ्यास पाठीला पाठ लावून दोन भिंगे असतात व प्रत्येक भिंग अर्ध्या गोलाहून किंचित अधिक भाग टिपते. दोन्ही चित्रे कडांशी जुळवून चहूबाजूंचे, तसेच वरचे-खालचे, एकच चित्र तयार होते. पृथ्वीचा गोल जसा सपाट नकाशावर मांडतात तसेच हे चित्र सपाट करून साठविलेले असते; त्याची रुंदी उंचीच्या दुप्पट असते. मोबाईलवर ते पुन्हा गोलाकार होते आणि बोट फिरवावे तिकडे दृष्टी वळते. अशी आठ-दहा ठिकाणची चित्रे बाणांनी एकमेकांस जोडली की सफर झाली.

कॅमेरा तिपाईवर, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, खोलीच्या साधारण मध्यभागी ठेवावा आणि मोबाईलवरून कळ दाबून आपण भिंतीआड व्हावे. अन्यथा प्रत्येक चित्रात आपण उभे असतो. भर दुपारी खिडकीचा उजेड पांढरा फटक येतो व खोली काळवंडते, म्हणून सकाळची वेळ बरी. चित्र चहूबाजूंचे असल्याने लपविण्यास कोपरा उरत नाही. कपाटावरचे सातबाऱ्याचे कागद, दोरीवरचे कपडे, घरातील मुलांचे चेहरे हे सारे जगास दिसते. ते आधीच दूर करावे.

येथे एक अनुभव सांगणे आवश्यक वाटते. एका शेतकऱ्याने भाद्रपदात सफर तयार करविली. शेततळे काठोकाठ भरलेले, बांधावर गवत, समोरचा डोंगर हिरवागार. २०२४ सालच्या मे महिन्यात एक कुटुंब ती पाहून आले. तळ्याचा तळ भेगाळला होता. सोबतच्या वृद्ध आजींना स्वच्छतागृहाच्या पाच पायऱ्या चढवेनात. त्या पायऱ्या सफरीत आल्याच नव्हत्या. पाहुणे संध्याकाळी परत गेले, आगाऊ रक्कम परत करावी लागली. ‘‘साहेब, मी खोटे काय दाखवले?’’ असे त्या शेतकऱ्याने मला विचारले. त्याने खोटे काहीच दाखवले नव्हते, हे खरे. पण पाहुण्यास तारीख ठाऊक नव्हती. पुढे आम्ही उन्हाळ्याची दुसरी सफर घेतली, दोन्हींवर महिना व वर्ष लिहिले आणि पायऱ्यांपाशी कॅमेरा मुद्दाम ठेवला. उन्हाळ्याच्या सफरीत आमराई व सावलीतला झोपाळा पुढे आला. पावसाळ्यात त्यांच्याकडे कोणी फिरकून पाहिलेही नसते.

म्हणून खोलीपेक्षाही आधी रस्ता दाखवावा: डांबरी सडक कोठे सुटते, लहान मोटार शेतापर्यंत येते की नाही. नंतर स्वच्छतागृह, मग खोली, मग शिवार. रुंद भिंगामुळे लहान खोलीही ऐसपैस भासते. यास्तव खोलीची लांबी-रुंदी फुटांत लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरते. हुरड्यासाठी पाहुणे येत असतील तर ज्वारीचे शेत व आगटीची जागा त्याच हंगामात टिपावी. स्वच्छतागृहाची दुरुस्ती राहिली असेल तर सफरीचा खर्च तूर्त थांबवून ती आधी उरकावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

वर्षातून दोन वेळा लागणारा कॅमेरा एकट्याने विकत घेणे परवडत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी परिसरातील चार-पाच केंद्रचालकांस एकत्र आणून एकाच दिवसासाठी छायाचित्रकार ठरवून द्यावा. तयार झालेली गोलाकार छायाचित्रे गूगल नकाशावरील आपल्या केंद्राच्या नोंदीस जोडता येतात आणि ह्या नोंदीस शुल्क पडत नाही. चित्रांचा आकार बेताचा ठेवावा; फार जड चित्र कमकुवत नेटवर्कवर उघडत नाही आणि पाहुणा वाट न पाहता पुढच्या केंद्राकडे वळतो. ओढ्याला पाणी येऊन रस्ता बंद राहत असेल, तर ते महिने सफरीच्या पहिल्याच चित्राखाली लिहावेत व खाली दूरध्वनी क्रमांक द्यावा.