आडव्या ओळीची सरासरी आणि आपली तोडणीची पाळी



गाळप हंगाम जवळ आला की गट ऑफिसात एकच प्रश्न ऐकू येतो, "साहेब, माझी पाळी कधी?" पाळी ठरते ती लागणीची तारीख, उसाची जात आणि परिपक्वता यांवरून. पैकी परिपक्वतेचा आकडा कॉम्प्युटर काढून देतो. तो कसा निघतो आणि त्यात चूक कोठे शिरू शकते, हे प्रत्येक सभासदाला ठाऊक असावे. गणित प्राथमिक शाळेतलेच आहे.

ब्रिक्स म्हणजे काय?

फिल्डमन वावरात येऊन उसाला टोचा मारतो व रसाचा थेंब हँड रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर घेतो. आकडा २० आला, तर १०० ग्रॅम रसात सुमारे २० ग्रॅम विरघळलेले पदार्थ आहेत, त्यात मुख्यतः साखर, असे समजावे. साधारणपणे १८ किंवा त्यावर ब्रिक्स असला म्हणजे ऊस तोडणीस आला असे धरतात. मात्र एका उसावर भरवसा ठेवता येत नाही. उमरखेड-महागाव भागात पैनगंगेकाठच्या काळ्या जमिनीत बांधाकडचा ऊस वेगळा आणि पाणी साचणाऱ्या खोलगट जागेतला वेगळा. म्हणून एकाच वावरात चार-पाच ठिकाणी रस पाहावा लागतो.

एक वावर, एक ओळ

रजिस्टरात एका वावराला एक आडवी ओळ असते. सभासद नंबर, गट नंबर, जात, लागण तारीख आणि पुढे पाच रकाने, पाच ठिकाणच्या ब्रिक्सचे. उदाहरणादाखल एक ओळ घेऊ: १९, २०, १८, कोरा, २१. चौथ्या ठिकाणी ऊस लोळलेला, आत चिखल, म्हणून रस घेता आला नाही.

भरलेल्या चार आकड्यांची बेरीज ७८. चारने भागले तर सरासरी १९.५ येते, म्हणजे ऊस तयार. पण कोऱ्या जागी कोणी शून्य लिहिले, तर भागाकार पाचने होतो आणि सरासरी १५.६ वर येते. म्हणजे ऊस कच्चा, पाळी मागे! ऊस तोच, वावर तेच. शून्य म्हणजे 'रस पाहिला, गोडी नाही'. कोरे म्हणजे 'पाहिलेच नाही'. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कॉम्प्युटरची अडचण

ओळी व रकान्यांच्या कोष्टकात माहिती ठेवण्याची आजची पद्धत आयबीएम कंपनीतील शास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. अशा कोष्टकांना प्रश्न विचारण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. तिच्यातले सरासरीचे तयार सूत्र उभे चालते. एक रकाना धरून ते वरून खाली सगळ्या ओळींची सरासरी काढते. त्यातून सगळ्या गावाच्या पहिल्या ठिकाणची सरासरी मिळेल; तुमच्या वावराची मिळणार नाही.

आडवी सरासरी हवी असल्यास दोन वाटा आहेत. पहिली, पाचही रकान्यांची नावे लिहून बेरीज करायची. पण एसक्यूएलमध्ये कोऱ्यात काहीही मिळवले तरी उत्तर कोरेच येते. एका रिकाम्या जागेपायी अख्खे वावर सरासरीविना राहते. म्हणून बेरजेपुरते कोऱ्याला शून्य धरावे लागते आणि भागाकार मात्र भरलेल्या रकान्यांच्या संख्येनेच करावा लागतो. यातले दुसरे काम राहून गेले की वरचे १५.६ झालेच म्हणून समजा.

दुसरी वाट सरळ आहे. आडव्याचे उभे करायचे. एका आकड्याला एक ओळ: गट नंबर, तारीख, ठिकाण, ब्रिक्स. जे पाहिले नाही त्याची ओळच नाही. मग गट नंबरवार सरासरी तयार सूत्रानेच निघते. उद्या सहाव्या ठिकाणी रस पाहिला, तरी नवा रकाना पाडावा लागत नाही. माझ्या मते हीच पद्धत बरी.

नुसत्या सरासरीवर जाऊ नये

दोन वावरे घ्या. एकाचे आकडे १९, २०, १९, २०. दुसऱ्याचे १६, २३, १५, २४. दोन्हींची सरासरी १९.५ च. पण पहिल्यात सर्वांत जास्त व सर्वांत कमी आकड्यात फरक १ आणि दुसऱ्यात ९. दुसरे वावर एकसारखे पिकलेले नाही. कुठे पाणी साचले असेल, कुठे नांग्या उशिरा भरल्या असतील. अशा ठिकाणी पुन्हा रस पाहणेच योग्य. म्हणून सरासरीबरोबर कमाल, किमान आणि एकूण किती ठिकाणी रस पाहिला, हे तिन्ही आकडे हवेत.

कच्चा ऊस तुटला तर वजन व उतारा दोन्ही घटतात. पक्का ऊस उन्हात उभा राहिला तर वजनात मार बसतो आणि साखरही कमी होऊ लागते. म्हणून रकान्यातला एक कोरा चौकोनही महागात पडतो.

सभासदांनी काय करावे?

१) फिल्डमन येईल तेव्हा स्वतः किंवा घरचे कोणी वावरात हजर राहावे.
२) बांधाकडचाच ऊस न दाखवता मधला व खोलगट भागातलाही दाखवावा.
३) जेथे रस घेतला नाही तेथे शून्य न लिहिता रेघ मारण्यास सांगावे.
४) गट ऑफिसात सरासरी विचारताना "किती ठिकाणची?" हेही विचारावे.
५) लागणीची तारीख खरी द्यावी.

आकडा बरोबर तर पाळी बरोबर. या कामी सर्वांनी सहकार्य करावे, ही विनंती.

– ऊस विकास अधिकारी