सार्वजनिक उपद्रवाचा गुन्हा : दंडापलीकडचा कायदा

सार्वजनिक उपद्रव म्हणजे शेजाऱ्यांच्या भांडणाला कायद्याने दिलेले भारदस्त नाव, हा या विषयातील सर्वांत रूढ गैरसमज असून इतर अनेक गैरसमज त्यातूनच फुटलेले आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० नुसार ज्या कृतीमुळे, किंवा कायद्याने बंधनकारक असलेली गोष्ट न केल्यामुळे, म्हणजेच बेकायदेशीर अकृतीमुळे, सर्वसामान्य जनतेला अथवा परिसरातील रहिवाशांना सामाईक इजा, धोका किंवा त्रास होतो, ती या गुन्ह्यात मोडते. नांदेड-देगलूर रस्त्यावरील नायगावात एखाद्या घराच्या पन्हाळीचे पाणी शेजारच्या एकाच भिंतीवर पडत असेल, तर तो दिवाणी न्यायालयाचा विषय राहील. परंतु तेच सांडपाणी बाजाराच्या वाटेवर सोडले गेले, तर ती वाट वापरण्याचा सर्वांचा हक्क बाधित होतो आणि प्रकरण फौजदारी कायद्याच्या कक्षेत येते.

‘हे पूर्वापार चालत आले आहे’ आणि ‘यात गावाचीच सोय आहे’ हे दोन बचाव नेहमी पुढे केले जातात, पण कायद्यापुढे त्यांपैकी एकही टिकत नाही. वहिवाटीने खासगी जमिनीवर काही हक्क मिळू शकतात, मात्र सार्वजनिक उपद्रव करण्याचा हक्क कितीही वर्षांनी मिळत नाही. आणि उपद्रवातून काही सोय किंवा फायदा होतो म्हणून तो क्षम्य ठरत नाही, असे याच कलमात स्पष्ट लिहिले आहे.

शिक्षा क्षुल्लक असल्याने हा कायदा निरुपयोगी आहे, हा समज मात्र अधिक बारकाईने तपासावा लागतो, कारण त्यात अर्धे सत्य आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम २९० ने या गुन्ह्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड ठेवला होता. नांदेड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने ती संहिता तेथे १ एप्रिल १९५१ पासून लागू झाली, आणि दोनशेची मर्यादा १ जुलै २०२४ रोजी नवी संहिता अमलात येईपर्यंत तशीच राहिली. आता कलम २९२ नुसार ती एक हजार रुपये आहे, आणि दुर्गंधीत दिवस काढणाऱ्या वस्तीच्या दृष्टीने ही वाढही तुटपुंजीच म्हणावी लागेल. शिवाय हा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही. त्यामुळे ठाण्यात केवळ नोंद झाली की पोलिसांनी टाळाटाळ केली असा निष्कर्ष काढला जातो, तो दर वेळी बरोबर नसतो.

कायद्याचे खरे बळ दंडात नसून उपद्रव हटवण्याच्या आदेशात आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा खास अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी सशर्त आदेश काढू शकतात. सशर्त याचा अर्थ असा की उपद्रव मुदतीत दूर करावा, अथवा हजर राहून तो आदेश कायम का करू नये याचे कारण दाखवावे. कारण दाखवण्यास कोणी हजर झाल्यास कलम १५७ खालील चौकशी नव्वद दिवसांत, आणि कारणे नोंदवून फार तर १२० दिवसांत, पूर्ण करायची असते. आदेश कायम झाल्यावरही तो पाळला नाही, तर दंडाधिकारी ते काम करवून घेऊन त्याचा खर्च संबंधिताकडून वसूल करू शकतात. उपद्रव पुन्हा करू नये किंवा चालू ठेवू नये, असा मनाई आदेश निघाल्यानंतरही जो तो चालू ठेवतो, त्याला न्याय संहितेच्या कलम २९३ नुसार सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि हा गुन्हा दखलपात्र आहे.

नगरपंचायत किंवा नगरपरिषद स्वतःच गटारे तुंबवून बसली, तर तिच्याविरुद्ध काही करता येत नाही, असेही मानले जाते. मध्य प्रदेशातील रतलाम येथील रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली, तेव्हा नगरपालिकेने पैसा नसल्याची सबब पुढे केली; १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली आणि निधीचा अभाव दाखवून वैधानिक कर्तव्य टाळता येत नाही, हे ठाम केले. छोट्या गावांच्या दृष्टीने या विषयातील हा सर्वांत मोलाचा निकाल आहे.

ध्वनिक्षेपकांबाबतचा गोंधळ निराळा आहे. रात्री दहापर्यंत कितीही आवाज चालतो, ही समजूत चुकीची असून २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. या नियमभंगासाठी पाच वर्षांचा तुरुंगवास होतो, हेही आता खरे नाही, कारण जनविश्वास कायद्यातील दुरुस्तीने १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण कायद्यातील त्या कैदेची जागा दहा हजार ते पंधरा लाख रुपयांच्या दंडाने घेतली आहे.

फौजदारी मार्ग अपुरा वाटला, तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली, स्वतःचे वेगळे नुकसान सिद्ध न करताही, दोन किंवा अधिक व्यक्तींना न्यायालयाच्या परवानगीने सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध दावा दाखल करता येतो.