गायनपार्ट्यांच्या ध्वनिफितींचे काय?

पैठण तालुक्यातील पाचोड हे धुळे-सोलापूर महामार्गावरील बाजाराचे गाव. मोसंबीची उलाढाल आणि ग्रामीण आरोग्याचे काम यांमुळे त्याचे नाव तालुक्याबाहेर पोहोचले आहे. संगीताच्या इतिहासात मात्र ते शोधावे असे कोणाच्या मनात येणार नाही. तरीही गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन-अडीच दशकांत लोकप्रिय संगीताचा एक संपूर्ण प्रवाह मराठवाड्यातील अशाच बाजारगावांतून वाहत होता. तो आकाशवाणीवर क्वचितच ऐकू आला आणि वर्तमानपत्रांतील संगीतसमीक्षेने त्याची दखल जवळजवळ घेतलीच नाही. हा प्रवाह म्हणजे भीमगीते गाणाऱ्या गायनपार्ट्यांचा.

पाश्चात्त्य देशांत ‘इंडी पॉप’ या नावाने जे संगीत ओळखले जाते, त्याची व्याख्या मुळात सुरांची नसून व्यवहाराची आहे. बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या दाराशी न जाता, चार मित्रांनी जमवलेल्या तुटपुंज्या भांडवलावर काढलेल्या तबकड्या म्हणजे ‘इंडी’. १९८६ साली इंग्लंडमधील एका संगीत-साप्ताहिकाने ‘सी-८६’ नावाची ध्वनिफीत काढून अशा बावीस वाद्यवृंदांना एकत्र आणले. ब्रिस्टल शहरातील ‘सारा रेकॉर्ड्स’ ही दोघांनी चालवलेली कंपनी १९८७ साली निघाली आणि प्रकाशनांचा आकडा शंभरावर पोहोचताच १९९५ साली तिने आपण होऊन काम थांबवले. त्या वाद्यवृंदांपैकी कित्येकांची नावे त्यांच्या शेजाऱ्यांनाही ठाऊक नसतील. परंतु हौशी मंडळींनी प्रत्येक तबकडीचा क्रमांक, वादक आणि वर्ष यांची नोंद करून ठेवली. आज तेथील एखादा विद्यार्थी विस्मृतीत गेलेला वाद्यवृंद ‘शोधून काढतो’ म्हणजे वस्तुतः कोणी तरी पूर्वी केलेली नोंद शोधून काढतो.

आपल्याकडेही इंग्रजी वळणाच्या वाद्यवृंदांच्या बाबतीत असे थोडेफार घडले आहे. सिमला सिगारेटच्या प्रायोजकत्वाखाली झालेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धांतील गीतांच्या १९७० आणि १९७१ च्या तबकड्या आज परदेशी संग्राहक मोठ्या हौसेने मिळवतात. मुंबईच्या ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण अमेरिकेतील एका छोट्या कंपनीने पुन्हा प्रसिद्ध केले. गिटार हाती घेतलेल्या महानगरी तरुणांना उशिरा का होईना, शोधक लाभले. हार्मोनियम, ढोलकी आणि बेंजो घेऊन वस्तीवस्तीत गेलेल्यांना ते लाभले नाहीत.

या पार्ट्यांची परंपरा लहान नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी आंबेडकरी जलसे घेऊन गावोगाव हिंडत होते. त्यानंतर वामनदादा कर्डकांनी (१९२२-२००४) आयुष्यभर पायपीट करून गीतांचे मोहोळ उभे केले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या आवाजांनी ही गाणी मुंबईच्या चाळींपासून विदर्भातील खेड्यांपर्यंत नेली. कव्वालीचा बाज, तमाशातील सवाल-जवाबाची चुरस आणि भजनी मंडळाची साथ या तिन्हींचे मिश्रण गायनपार्टीत झाले. दोन पार्ट्यांचा ‘सामना’ लागला की उजाडेपर्यंत लोक हलत नसत. मराठवाड्यात तर या गाण्यांना आणखी एक कारण मिळाले. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली जवळजवळ सोळा वर्षे जाळपोळीची, मोर्चांची, तुरुंगवासाची आणि गाण्यांची होती. त्या काळाचा इतिहास लिहिताना सरकारी अहवाल चाळले जातात, पुढाऱ्यांची भाषणे तपासली जातात. त्या रात्री वस्तीत काय गायले गेले याचा पुरावा मात्र कोणी मागत नाही.

हा पुरावा प्रामुख्याने कॅसेटवर आहे. फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेली ही चपटी डबी भारतात सर्वदूर पोहोचली ती १९८० च्या आसपास. त्यापूर्वी तबकडी काढायची तर एच.एम.व्ही.सारख्या कंपनीची कृपा लागे. कॅसेटने ही मिजास मोडून काढली. एखादे छोटे ध्वनिमुद्रणगृह, काही शे प्रती आणि बसस्थानकाजवळचे एखादे दुकान, एवढ्यावर पार्टीचा आवाज जिल्हाभर जाऊ लागला. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने उत्तर भारतातील या उलथापालथीवर १९९३ साली एक ग्रंथच लिहिला. मराठवाड्यातील गायनपार्ट्यांवर त्या तोडीचा ग्रंथ मराठीत व्हावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे भाग आहे. तालुक्याचे ठाणे पैठण, आणि पैठण म्हणजे नाथांची नगरी. एकनाथांची भारुडे चारशे वर्षे टिकली याचे श्रेय त्यांच्या प्रतिभेला आहेच. पण त्यांची मुखाने आणि हाताने जपणूक करणाऱ्या फडांना, मठांना आणि वह्या उतरवून घेणाऱ्या अनामिकांनाही आहे. रचनेच्या शेवटी ‘एका जनार्दनी’ ही नाममुद्रा आली, की कर्ता कोण हे विचारावे लागत नाही. भीमगीतांनी हीच रीत उचलली. अखेरच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो. वामनदादांच्या कित्येक गीतांत ‘वामन’ असा भेटतो. कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचे छायाचित्र मोठे असे, गीतकाराचे नाव बारीक अक्षरांत किंवा मुळीच नसे. वेष्टन हरवले तरी गीतकार शिल्लक राही, तो या कडव्यामुळे. आता मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांसाठी गाणी कापून-जोडून नव्याने तयार केली जातात, तेव्हा ध्रुवपद आणि पहिले कडवे ठेवून शेवटचे कडवे बहुधा गाळले जाते. नाचण्यासाठी तेवढे पुरते. त्या कात्रीखाली गीतकार नाहीसा होतो आणि पाहता पाहता त्याची रचना ‘पारंपरिक’ ठरते. ज्याने रात्रंदिवस राबून ती लिहिली, त्याच्या मुलांनाही मग ती आपल्या बापाची आहे हे सिद्ध करता येत नाही.

कॅसेटचे आयुष्यही मर्यादित असते. पावणेचार मिलिमीटरहून किंचित रुंद अशा पट्टीवर लोहभस्माचा थर एका चिकट द्रव्याने बसवलेला असतो. उन्हाळ्यात पत्र्याखाली तापलेल्या आणि पावसाळ्यात ओल धरलेल्या घरात हा थर सुटू लागतो, त्यावर बुरशी चढते, पट्टी दाबून धरणारी इवलीशी गादी गळून पडते. १९८५ ची कॅसेट आज चाळीस वर्षांची झाली आहे. बरे, वाजवायची तर चालू स्थितीतील यंत्र कोठे? दुरुस्त करणारे कारागीर केव्हाच मोबाइलच्या दुकानांत गेले.

अशा संग्रहाला मोल किती, असा आक्षेप घेतला जाईल. निम्म्या चाली हिंदी चित्रपटांतून उचललेल्या, शब्द ठरावीक, ध्वनिमुद्रण कर्कश. हे सारे कशासाठी जपायचे? आक्षेपात तथ्य नाही असे नाही. पुष्कळ गाणी सामान्य आहेत, काही तर सरळ टाकाऊ. पण ब्रिस्टलच्या शंभर प्रकाशनांतही सारीच रत्ने नव्हती. निवड ही संग्रहानंतरची पायरी आहे, आधीची नव्हे. शिवाय उसन्या चालीचा हिशेब निराळा असतो. लोकांच्या ओठांवर आधीच असलेल्या सुरावर नवा विचार बसवला, की तो एका रात्रीत पाठ होतो. हे जलसेकारांनी ओळखले होते, कीर्तनकारांनी त्याआधी ओळखले होते.

मराठीत नोंदीचे काम कसे करावे, याचा वस्तुपाठ उपलब्ध आहे. गी पॉइटव्हॅं आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणारीचे नाव आणि गाव यांची नोंद त्यांनी महत्त्वाची मानली. त्यात बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी गायलेल्या बाबासाहेबांवरील ओव्याही आहेत. जुन्या तबकड्यांसाठी मुंबईच्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने १९९० पासून केलेले काम असेच आहे. मात्र तबकडी म्हटली की संग्राहकाच्या डोळ्यांपुढे बालगंधर्व येतात, आणि ते स्वाभाविकच आहे. कॅसेटचा क्रमांक अजून लागायचा आहे. विलास घोगरे या शाहिराचा आवाज आज ऐकायला मिळतो तो आनंद पटवर्धन यांच्या कॅमेऱ्यामुळे. घोगरे यांनी १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारानंतर जीवन संपवले. त्यांच्यासारख्या इतरांसमोर कॅमेरा नव्हता.

नव्यांचा शोध तुलनेने सोपा झाला आहे. छत्रपती संभाजीनगरला लागून असलेल्या चिकलठाण्याच्या कडूबाई खरात एकतारीवर गात होत्या. कोणी तरी मोबाइलवर त्यांचे गाणे टिपले आणि ते महाराष्ट्रभर गेले. मुंबईत ‘धम्म विंग्स’ने गिटार आणि ड्रमवर बाबासाहेबांना गायले. चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ने जानेवारी २०१८ मध्ये पहिला कार्यक्रम केला. या तरुणांना आपले पूर्वज ठाऊक असावेत, असे वाटत असेल तर ते पूर्वज ऐकू आले पाहिजेत.

अडचण कायद्याचीही आहे. ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे राहतो. म्हणजे १९८५ ची कॅसेट २०४५ च्या अखेरीपर्यंत कोणाच्या तरी मालकीची आहे. तो ‘कोणी तरी’ बहुधा दुकान बंद करून निघून गेलेला असतो. कर्ता सापडत नसेल तर परवान्यासाठी अर्ज करण्याची तरतूद कायद्याच्या ३१-अ या कलमात आहे. परंतु असा अर्ज करायला एखादी संस्था पुढे यावी लागते. ती विद्यापीठाने का होऊ नये? ज्या नावासाठी ही गाणी गायली गेली ते नाव ज्याच्या कमानीवर आहे, त्याच्या ग्रंथालयात त्यांना एक कपाट आणि एक जाणता तंत्रज्ञ मिळणे अवघड नसावे.

तोवर महाविद्यालयांना थांबायचे कारण नाही. राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे दरवर्षी खेड्यांत भरतात. श्रमदानानंतरची दुपार बहुधा व्याख्यानात जाते. पाचोडसारख्या गावात त्यांपैकी दोन दुपारी विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन कॅसेटच्या डब्या मागाव्यात. वेष्टनाची दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, पार्टीचे नाव, गाव, वादक, मुद्रण कोठे झाले ते वहीत उतरवावे, आणि हयात असलेल्या झीलकऱ्याला शेवटचे कडवे म्हणून दाखवायला सांगावे. त्यासाठी यंत्र लागत नाही. वस्तीतील साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांना ती कडवी अजून पाठ आहेत.