जोडपत्रातील चोरवाट

कारखान्यात बोटे गमावलेल्या कामगाराला भेटावयास गेलो की आम्ही पहिला प्रश्न एकच विचारतो : चक्रावरची जाळी कोठे होती? उत्तर पुष्कळदा ठरलेले असते. ‘दुरुस्तीसाठी काढली होती, भाऊ, परत बसवायची राहिली.’ १९४८ च्या कारखाना कायद्याचे २१ वे कलम धोक्याच्या यंत्रभागांना कुंपण घाला म्हणून सांगत असे. आज आम्ही ज्या यंत्राविषयी बोलणार आहोत त्याला तेल लागत नाही, त्याचा आवाजही होत नाही. तरी त्याची हकीकत हीच आहे.

संकेतस्थळावर आपण अर्ज भरतो आणि क्षणात ‘अर्ज मिळाला’ असे ईमेल येते. सोबत पावतीही जोडलेली असते. हे पत्र कोणी कारकून लिहीत नाही, एक आज्ञावली लिहिते. पीएचपी या संगणकभाषेत चालणाऱ्या असंख्य संकेतस्थळांवर हे काम पीएचपीमेलर नावाची, कोणालाही मोफत वापरता येणारी आज्ञावली करते. वर्डप्रेसच्या पोटातही तीच आहे.

जोडपत्र जोडावयाचे तर आज्ञावलीला त्या कागदाचा ठावठिकाणा सांगावा लागतो : अमुक कपाट, अमुक खण. कागद जोडण्यापूर्वी ती तो जागेवर आहे ना, हे पाहते. नुसते पाहण्यात धोका कसला, असे कोणीही विचारील. आम्हीही विचारले.

धोका असा. पीएचपीमध्ये ‘फार’ नावाचे गाठोडे असते. त्यात अनेक आज्ञा एकत्र बांधलेल्या असतात आणि वर माहितीची चिठ्ठी असते. पीएचपीच्या जुन्या आवृत्त्यांत, या गाठोड्याच्या खास पत्त्याने ‘तू आहेस का?’ एवढे विचारले तरी ती चिठ्ठी आपोआप उलगडली जाई आणि तीत घडी घालून ठेवलेल्या वस्तू जिवंत होत. गाठोडे दुष्टाने बांधलेले असेल आणि संकेतस्थळाच्या आज्ञांत त्याला सोयीचे तुकडे सापडले, तर संगणक मालकाच्या अधिकाराने चोराचे काम करू लागे. ही युक्ती २०१८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील ब्लॅक हॅट परिषदेत जाहीरपणे मांडली गेली.

पीएचपीमेलरने त्याच वर्षी नोव्हेंबरात ६.०.६ या आवृत्तीत जाळी बसविली : असल्या पत्त्याचे जोडपत्र घ्यावयाचे नाही. पुढे एक खरी तक्रार आली. विंडोज संगणकांवर शेजारच्या संगणकातील सामाईक कपाटाचा पत्ता दोन तिरप्या रेघांनी सुरू होतो. तेथील कागद अगदी निर्धोक असला तरी पीएचपीमेलर ‘वाचता येत नाही’ म्हणून तो नाकारी. २०२० च्या ऑक्टोबरात ६.१.८ या आवृत्तीत ही अडचण दूर केली, आणि त्याच दुरुस्तीत जुना अटकाव नकळत निघून गेला. ६.४.० पर्यंत तो नव्हताच. २०२१ च्या एप्रिलात ६.४.१ ने तो परत बसविला. मे महिन्यात वर्डप्रेसने ५.७.२ मध्ये तो घेतला. २०२० च्या अखेरीस आलेल्या पीएचपी ८.० नेही चिठ्ठी आपोआप उलगडण्याची खोड सोडली.

विनाकारण भिण्याचे कारण नाही. चोराला दोन गोष्टी साधाव्या लागत : आपले गाठोडे त्या संगणकावर पोचविणे, आणि जोडपत्राचा पत्ता आपण ठरविणे. म्हणून बांधणाऱ्याने एक नियम पाळावा. कोणता कागद जोडावयाचा हे कचेरीने ठरवावे, दारातल्या पाहुण्याने नव्हे.

अपघात झाला की मालक फिटरकडे बोट दाखवितो. येथेही दुरुस्ती करणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण त्याने खरी अडचणच सोडविली होती. चुकले ते इतकेच की, जाळी अजून जागेवर आहे काय, हे दुरुस्तीनंतर तपासले गेले नाही. अशी तपासणी यंत्राकडूनच दर वेळी करून घेता येते. मात्र ती लिहावयास माणूस लागतो, वेळ लागतो. हजारो संस्था ज्याच्यावर चालतात ते काम मूठभर माणसे सांभाळतात, आणि वापरणारे मोफत मिळते म्हणून घेतात. देखभाल हीही मजुरीच आहे, श्रोतेहो.

तेव्हा आपल्या पतपेढीच्या वा शाळेच्या वार्षिक सभेत एवढेच विचारा : आपल्या संकेतस्थळाची आवृत्ती कोणती, ती वेळेवर बदलतो कोण, आणि त्याच्या पगाराची रक्कम अंदाजपत्रकात कोठे आहे? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर पहिल्या दोहोंचे उत्तर ऐकण्याची फारशी गरज उरत नाही.