म्हातारपणचा विसर आणि मूत्रपिंड



तेल्हारा तालुक्यातील हिवरखेडहून दक्षिणेला पूर्णा नदीकडे उतरत गेलो की विहिरींचे पाणी खारे होत जाते. या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांची चर्चा नेहमीचीच. परंतु घरातील वृद्धाच्या विसराळूपणाशी त्यांचा संबंध असू शकतो, हे फारसे कोणी बोलत नाही. "वय झालं, चालायचंच," म्हणून आपण विषय संपवतो.

दोन्ही मूत्रपिंडे मिळून वजन साधारण 300 ग्रॅम. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा तिकडे जातो. मेंदूलाही रक्त भरपूर लागते. दोन्हींतील रक्तवाहिन्या अतिशय बारीक असून उच्च रक्तदाब व मधुमेह त्या खराब करतात. एकाच मोटारीवर दोन प्लॉटचे ठिबक असेल आणि एकीकडचे ड्रिपर क्षाराने बुजलेले दिसले, तर आपण दुसरीकडचेही तपासतो ना? तसेच हे आहे. त्यात थकलेले मूत्रपिंड रक्तातील टाकाऊ द्रव्ये पुरती गाळत नाही, रक्तक्षयही होतो. स्वीडनमधील स्टॉकहोम येथे 65 वर्षांवरील तीन लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मूत्रपिंडाचे काम जितके कमी, तितके स्मृतिभ्रंशाचे प्रमाण जास्त आढळले. अर्थात प्रत्येक रुग्णाला तो होतोच असे नाही.

माती-पाण्याचा नमुना तपासायला आपण देतो, तसे वडीलधाऱ्यांचे रक्त व लघवीही वर्षातून एकदा तपासून घ्यावी. रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिन या दोन तपासण्या सांगाव्यात. अंगात मांस कमी असलेल्या वृद्धाचे क्रिएटिनिन वरवर ठीक दिसते, म्हणून त्यावरून काढलेला गाळण्याचा दर (ई-जीएफआर) डॉक्टरांना विचारावा. तो तीन महिने 60 च्या खाली राहिला तर दुर्लक्ष करू नये.

कापूस वेचणीत कंबर धरली की दुकानातून डायक्लोफेनॅकची गोळी आणून घेण्याची आपल्याकडे सवयच झाली आहे. उन्हात पाणी कमी प्यालेल्या, रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या मूत्रपिंडाला ती फार महागात पडते. लोणचे, पापड, वरून घेतलेले मीठ यांचाही हात आखडता घ्यावा.

एक फरक मात्र ओळखा. कालपर्यंत हिशेब करणारे बाबा आज एकाएकी बरळू लागले, माणसे ओळखेनासे झाले, तर तो सावकाश वाढणारा स्मृतिभ्रंश समजून घरी थांबू नका. अंगातील पाणी वा सोडियम घटणे, लघवीचा जंतुसंसर्ग, मूत्रपिंड अचानक बंद पडणे अशी कारणे असतात. त्याच दिवशी दवाखाना गाठल्यास पुष्कळदा माणूस पूर्ववत होतो.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला विसरही पडू लागला असेल, तर गोळ्या त्याच्या हाती सोपवू नयेत. एकच गोळी दोनदा घेतली जाते. सून असो वा नातू, कोणी तरी एकाने रोज मोजून द्याव्यात. आणि घरची संत्री-केळी कितीही गोड असली, तरी पोटॅशियम वाढलेल्या रुग्णाला ती किती चालतील हे डॉक्टरांना विचारूनच द्यावीत.